पारणे नसलेला उपास

आपल्या घराघरांतून उपासाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आषाढी-कार्तिकी एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, संकष्टी चतुर्थी अशी कितीतरी व्रते वडीलधारी मंडळी श्रद्धेने पाळतात, आणि घरातील एखाद्या लहान मुलाने हट्ट धरून पहिला उपास तडीस नेला म्हणजे आजीला धन्यता वाटते. या सर्व उपासांत एक गोष्ट मात्र समान असते. त्या प्रत्येकाला शेवट असतो. एकादशीमागून द्वादशीचे पारणे येते. संकष्टीला चंद्रोदय झाला की पान वाढले जाते. उपास करणाऱ्याचे मन त्या घटकेची वाट पाहत असते, आणि ती येताच तो आनंदाने जेवावयास बसतो.

या लेखात ज्या आजाराची ओळख आम्ही करून देणार आहोत, त्याचे वर्णन थोडक्यात करावयाचे तर तो पारणे नसलेला उपास होय. रुग्ण आपले अन्न प्रथम थोडे कमी करतो, मग आणखी कमी करतो, आणि थांबावयाची वेळ येऊन गेली तरी त्याला थांबता येत नाही. शरीर झिजते, आप्तेष्ट काकुळतीस येतात, डॉक्टर धोक्याची सूचना देतात. तरीही घास तोंडापर्यंत जात नाही. वैद्यकशास्त्रात या आजारास 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' असे नाव आहे. तो बहुधा किशोरवयात किंवा नुकत्याच आलेल्या तारुण्यात सुरू होतो. मुलींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. परंतु मुलगे त्यापासून सुरक्षित असतात असे नाही. म्हणूनच शाळेच्या वार्षिक अंकात या विषयास स्थान देणे आम्हांस उचित वाटले. हा आजार वेळीच ओळखला गेला तर बरे होण्याची आशा चांगली असते. परंतु काही रुग्णांत तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. असा जुना आणि तीव्र झालेला आजार बरा करणे इतके कठीण का जाते, आणि कठीण म्हणजे अशक्य असे मानावे काय, या दोन प्रश्नांचा विचार येथे मुख्यतः करावयाचा आहे.

आजाराचे नाव जरी अलीकडचे वाटले, तरी आजार जुना आहे. इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली क्षयरोगावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात, फुप्फुसाचा क्षय नसताना आणि ताप किंवा खोकला नसताना केवळ अन्नावरची वासना उडून क्षीण झालेल्या दोन तरुण रुग्णांची हकीकत आहे. त्यांतील एक अठरा वर्षांची मुलगी होती, तर दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. मुलीने औषधोपचार सोडून दिले आणि ती दगावली. मुलाला अभ्यास बाजूस ठेवून खेडेगावच्या हवेत राहण्याचा व दूध घेण्याचा सल्ला मिळाला, आणि त्याची प्रकृती बरीच सुधारली. पुढे १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी एकाच वर्षी, परंतु स्वतंत्रपणे, या आजाराचे वर्णन केले. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांनी दिलेले आहे. त्याचा अर्थ 'चेतासंस्थेच्या विकारामुळे झालेला क्षुधानाश' असा होतो.

हे नाव आज रूढ झाले असले तरी ते पूर्णपणे खरे नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुष्कळ रुग्णांची भूक मेलेली नसते. ती असते, किंबहुना अहोरात्र छळत असते; परंतु तिच्यावर मात करणे हेच रुग्णाने जीविताचे मुख्य कार्य करून ठेवलेले असते. वजन वाढेल या विलक्षण भयाने त्याला घेरलेले असते, आणि आरशात दिसणारे स्वतःचे कृश शरीरही त्याला स्थूल भासते. सर्वच रुग्णांत हे भय दिसते असेही नाही. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी १९९३ साली सत्तर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांनी लठ्ठपणाची भीती बोलून दाखविली नाही. पोट गच्च वाटते, भूकच लागत नाही, अशी कारणे त्यांनी सांगितली. दिल्लीतील डॉक्टरांनी १९९५ साली ज्या पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली, त्यांच्यातही शरीराविषयीची ही चुकीची कल्पना दिसून आली नव्हती. याचा अर्थ असा की, "आमच्या मुलीला काही बारीक व्हायचे नाही, मग तिला हा आजार कसा असेल?" असे म्हणून आई-वडिलांनी निश्चिंत राहणे बरोबर नव्हे.

आता आजार जुना झाला म्हणजे तो का सुटत नाही, हे पाहू. यासाठी प्रथम एका प्रसिद्ध प्रयोगाची माहिती घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील लक्षावधी माणसे उपासमारीने खंगली होती. त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शास्त्रीय पद्धतीने कळावे म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९४४-४५ साली एक प्रयोग करण्यात आला. शस्त्र हाती धरणे ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नव्हते अशा छत्तीस निरोगी तरुणांनी त्यासाठी स्वेच्छेने आपले शरीर देऊ केले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले, आणि त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने उतरले.

या तरुणांच्या शरीराची जी झीज झाली ती अपेक्षितच होती. आश्चर्य वाटले ते त्यांच्या मनाचे पाहून. हसतमुख असलेले तरुण चिडखोर व उदास बनले. ते मित्रांना टाळू लागले. वाचनात आणि कामात त्यांचे चित्त लागेना. दिवसभर अन्नाचाच विचार डोक्यात घोळू लागला; कोणी पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसू लागले, तर कोणी पाककृती जमवू लागले. पानातील थोडेसे अन्न ते तासन्‌तास चिवडीत बसत. पुढे अन्न वाढविण्यात आले तेव्हाही त्यांची मने एकदम ताळ्यावर आली नाहीत. त्यास कित्येक महिने लागले. या प्रयोगाचा वृत्तान्त १९५० साली दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला.

या तरुणांना वजनाची भीती नव्हती, आरशाचा भ्रम नव्हता, आणि आजारही नव्हता. तरीही ॲनोरेक्सियाच्या रुग्णात जी मानसिक लक्षणे आपण पाहतो, त्यांतील पुष्कळशी त्यांच्यात केवळ उपासमारीने उत्पन्न झाली. यावरून एक महत्त्वाचा बोध होतो. ज्याला आपण रुग्णाचा 'हट्टी स्वभाव' समजतो, त्यातील मोठा भाग हा उपाशी मेंदूचा परिणाम असतो. अन्न न मिळाल्याने विचार ताठर होतात, मन एकाच गोष्टीभोवती फिरत राहते, निर्णय घेण्याची शक्ती मंदावते; आणि असे झालेले मन अन्न घेण्याचा निर्णय घेण्यास अधिकच असमर्थ ठरते. विहिरीत पडलेल्या माणसाला वर येण्यासाठी दोर हवा, आणि दोर मात्र विहिरीच्या काठावर असावा, तशी ही स्थिती आहे. दीर्घकालीन आजारात हे चक्र हजारो वेळा फिरून गेलेले असते. म्हणून आजच्या उपचारपद्धतीत, प्रथम मनाची समजूत घालून मग अन्न द्यावे असा क्रम राहिलेला नाही. अन्न हेच पहिले औषध मानले जाते. मनाचे उपचार त्याच्या बरोबरीने चालतात.

परंतु अन्न हे औषध असले तरी ते फार सावधपणे द्यावे लागते. बराच काळ उपाशी असलेल्या शरीराला अकस्मात भरपूर आहार दिल्यास त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. अन्न पोटात जाताच शरीरात इन्सुलिन वाढते, आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये पेशींच्या आत ओढली जातात. रक्तात त्यांचा तुटवडा पडला म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात, आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. महायुद्धाच्या काळात उपाशी राहिलेल्या युद्धकैद्यांना अन्न मिळू लागल्यावर डॉक्टरांना हा प्रकार प्रकर्षाने दिसून आला. म्हणून अतिशय क्षीण झालेल्या रुग्णास रुग्णालयात ठेवून, वरचेवर रक्त तपासून, जीवनसत्त्व ब१ देऊन आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो. आईने मायेपोटी एकाच दिवशी सर्व कसर भरून काढावी, असा हा प्रकार नव्हे.

जुन्या आजारात आणखीही शारीरिक अडचणी असतात. जठराची गती मंदावल्यामुळे चार घास पोटात जाताच पोट तट्ट फुगल्यासारखे वाटते. तेव्हा "मला खरोखरच जात नाही" हे रुग्णाचे म्हणणे प्रत्येक वेळी बहाणा नसते. नाडी मंद होते, थंडी सोसवत नाही, मुलींची मासिक पाळी थांबते. मेंदूचा आकारही आकसतो. वजन पूर्ववत झाले म्हणजे हृदय आणि मेंदू यांतील बहुतेक बदल भरून येतात, ही दिलाशाची गोष्ट आहे. हाडांचे मात्र तसे नाही. किशोरवय हा हाडे बळकट होण्याचा काळ. तो उपासात गेला तर ती कायमची ठिसूळ राहण्याचा संभव असतो. शिवाय, सावरू लागलेले शरीर एखाद्या पेटलेल्या भट्टीप्रमाणे अन्न जाळू लागते, आणि वजन वाढत राहावे म्हणून आहार पुनःपुन्हा वाढवावा लागतो. ज्याला एका घासाची भीती वाटते त्याला इतरांहून अधिक जेवावे लागते. उपचारातील ही मोठीच परीक्षा होय.

इतर रोगांत रुग्ण व डॉक्टर एका बाजूस असतात आणि रोग दुसऱ्या बाजूस. हिवतापाच्या रोग्याला आपला ताप जावा असेच वाटते. येथे तसे नसते. पुष्कळ रुग्णांना आपला आजार हा शत्रू वाटतच नाही. १९९९ साली लंडनमधील संशोधकांनी रुग्णांकडून दोन पत्रे लिहून घेतली होती. दोन्ही पत्रे आपल्या आजारालाच लिहावयाची होती: एक तो मित्र आहे असे समजून, आणि दुसरे तो शत्रू आहे असे समजून. मित्राला लिहिलेल्या पत्रांत रुग्णांनी सांगितले की, या आजाराने आपल्याला आधार दिला, सुरक्षित ठेवले, आयुष्यावर आपला ताबा आहे असे वाटू दिले, आणि इतरांना साधत नाही ते आपल्याला साधते असा अभिमानही दिला. शत्रूला लिहिलेल्या पत्रांत त्याच आजाराने मैत्री, प्रकृती आणि वर्षे हिरावून घेतल्याचे दुःख होते. एकाच हाताने लिहिलेली ही दोन पत्रे वाचली म्हणजे रुग्णाच्या मनातील झगडा ध्यानात येतो. त्याचा आजार काढून घेणे म्हणजे त्याची जुनी काठी काढून घेण्यासारखे आहे. ती काठी काट्यांनी भरलेली असली तरी तिच्याशिवाय चालता येईल हा विश्वास त्याला नसतो.

आजाराला जितकी वर्षे होतात तितकी ही काठी हाताला घट्ट चिकटते. याचे एक कारण सवय हे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली, रुग्ण खाद्यपदार्थांची निवड करीत असताना त्यांच्या मेंदूतील हालचाल यंत्राने पाहिली. अंगवळणी पडलेल्या कृतींशी ज्याचा संबंध आहे, असा मेंदूच्या आतील एक भाग त्या वेळी निरोगी व्यक्तींपेक्षा रुग्णांत अधिक गुंतलेला दिसला. म्हणजे, आरंभी जी गोष्ट निश्चयाने केली जाते ती पुढे आपोआप होऊ लागते, असे अनुमान निघते. केवळ उपदेशाने ती मोडत नाही. याखेरीज आनुवंशिकतेचाही वाटा आहे. २०१९ साली सुमारे सतरा हजार रुग्णांच्या अभ्यासातून या आजाराशी निगडित अशी आठ जनुकीय स्थाने सापडली; आणि त्यांचा संबंध मनाच्या व्यापाराशी आहे तसाच शरीरातील चयापचयाशीही आहे, असे आढळले. तेव्हा हा आजार म्हणजे श्रीमंतांच्या मुलींचा नखरा, किंवा आईच्या लाडाचे फळ, असे बोलणे अज्ञानाचे द्योतक ठरेल.

मग एखादे रामबाण औषध नाही काय? दुर्दैवाने अद्याप नाही. उदासीनतेवरील एक प्रसिद्ध औषध, फ्लुऑक्सेटिन, वजन सुधारलेल्या त्र्याण्णव स्त्रियांना देऊन पाहण्यात आले. आजार उलटू नये यासाठी ते खोट्या गोळीहून अधिक उपयोगी ठरले नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाने वजन थोडेसे वाढते, परंतु मनातील भय त्याने हटत नाही, असे २०१९ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. म्हणून आजही आहार, संभाषणाद्वारे होणारे मानसोपचार, शरीराची नियमित तपासणी आणि माणसांची साथ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

माणसांच्या साथीविषयी डॉक्टरांच्या मतात मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. गल यांचे मत असे होते की, अशा रुग्णाची देखभाल करण्यास आप्तस्वकीय हे सर्वांत अयोग्य होत. पुढे कित्येक दशके रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याची प्रथा चालू राहिली. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातील डॉक्टरांनी मात्र घरच्या माणसांनाच उपचारात सामील करून घेतले. १९८७ साली त्यांनी आपल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि ज्याला तीन वर्षांहून कमी काळ झाला होता, अशा रुग्णांना कुटुंबासह दिलेल्या उपचाराचा स्पष्ट लाभ झाला. या पद्धतीत आई-वडिलांना दोषी धरीत नाहीत. रोग एका बाजूस आणि मुलासह सर्व कुटुंब दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी करून, मुलाला जेवू घालण्याची जबाबदारी काही काळ आई-वडिलांकडे सोपवितात. मूल सावरले की ती त्याची त्याला परत देतात. परंतु याच चाचणीची दुसरी बाजू अशी की, ज्यांचा आजार अधिक जुना होता त्यांच्यात हा लाभ दिसला नाही. यासाठीच आजार लवकर ओळखणे हे सर्वांत मोठे औषध होय.

जुन्या आजाराचा रुग्ण आता मूल राहिलेला नसतो. तो तिशी-चाळिशीचा असतो. त्याचे शिक्षण अर्धवट राहिलेले, नोकरी सुटलेली, मित्र पांगलेले आणि आई-वडील थकलेले असतात. तो अनेकदा रुग्णालयात जाऊन आलेला असतो. तेथे वजन वाढते, आणि घरी परतल्यावर ते पुन्हा उतरते. प्रत्येक अपयशागणिक त्याची आशा खचते, आणि हळूहळू उपचार करणाऱ्यांचीही खचते. हा आजार किती गंभीर आहे हे आकड्यांवरून कळेल. २०११ साली छत्तीस अभ्यासांचे संकलन करण्यात आले. समवयस्क लोकांच्या मानाने या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सहापट आढळले. आणि दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येचा होता. म्हणजे शरीराइतकीच मनाच्या एकाकीपणाची काळजी घेणे अगत्याचे आहे.

या अनुभवातून डॉक्टरांनी एक नवा विचार केला. सिडनी आणि लंडन येथे सात वर्षांहून अधिक काळ आजारी असलेल्या त्रेसष्ट रुग्णांवर एक चाचणी करण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. या चाचणीत वजन वाढविणे हे पहिले उद्दिष्ट ठेवलेच नाही. रुग्णाचे जीवन थोडे अधिक सुसह्य व्हावे, त्याला माणसांत मिसळता यावे, एखादे काम करता यावे, यावर भर देण्यात आला. एरवी असे रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून जातात; येथे मात्र शंभरांतील पंच्याऐंशीहून अधिक टिकून राहिले. त्यांचे जीवनमान सुधारले, आणि वजनाचा आग्रह न धरताही आजाराची लक्षणे काही अंशी कमी झाली. गडाला सरळ चढाई करून जो दरवाजा उघडत नाही, तो कधी कधी आतल्या माणसाशी बोलून उघडतो, तसेच हे म्हणावे लागेल.

परंतु येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. रुग्णाच्या कलाने घेणे आणि रुग्णाला त्याच्या दैवावर सोडून देणे, यांतील सीमारेषा कोठे आखावयाची? सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध अन्न द्यावे काय? इंग्लंडमधील न्यायालयापुढे हा प्रश्न अनेकदा आला आहे. २०१२ साली एका बत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत, आजारामुळे तिची निर्णयशक्ती बाधित झाली आहे असे ठरवून, तिला अन्न देऊन जगविण्याचा आदेश न्यायाधीशांनी दिला. इतर काही प्रकरणांत मात्र बळजबरीने होणारी हानी अधिक आहे असे मानून उलट निर्णय झाले. २०२२ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी असेही मांडले की, फार थोड्या रुग्णांच्या बाबतीत हा आजार अंतिम अवस्थेला पोहोचला आहे असे मानावे. त्यावर अनेक तज्ज्ञांनी आणि स्वतः या आजारातून उठलेल्या माणसांनी तीव्र आक्षेप घेतला. कोणाचा आजार बरा होणार नाही हे आज निश्चित सांगता येत नाही, आणि उपाशी मनाची निराशा ही आजाराचेच लक्षण असते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या वादात ज्या माहितीला फार मोल आहे ती बॉस्टनहून आलेली आहे. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी या आजाराच्या स्त्रियांची प्रकृती वीस वर्षांहून अधिक काळ पाहत राहण्याचे चिकाटीचे काम केले, आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. नऊ वर्षांच्या अखेरीस शंभरांतील सुमारे एकतीसच बऱ्या झाल्या होत्या. तेथेच अभ्यास थांबला असता तर चित्र फार निराशाजनक दिसले असते. परंतु बावीस वर्षांच्या सुमारास पाहिले तेव्हा बऱ्या झालेल्यांची संख्या शंभरांत सुमारे त्रेसष्ट झाली होती. नऊ वर्षांपर्यंत ज्या बऱ्या झाल्या नव्हत्या, त्यांतील निम्म्या पुढील काळात बऱ्या झाल्या. दहा वर्षे आजारी असलेल्या माणसाकडे पाहून "आता काही उपयोग नाही" असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे या आकड्यांनी दाखवून दिले आहे. अर्थात उरलेल्या सुमारे सदतीस जणींचे दुःखही विसरून चालणार नाही. त्यांनाही आदराने, वेदना कमी होतील अशा रीतीने, आणि दार उघडे ठेवून सांभाळणे हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या देशात या आजाराची ओळख अजून कमी आहे. वजन घटलेल्या मुलीला प्रथम क्षयाची किंवा पोटाची तपासणी करून घेण्यास नेतात. ते योग्यच आहे, कारण तीही कारणे असू शकतात. परंतु त्या तपासण्यांत काही आढळले नाही तर "काही झालेले नाही" असे समजून थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भारताच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच वैद्यकीय विमा मिळाला पाहिजे असे ठरविले आहे. आणि रुग्णाला त्याच्या संमतीवाचून दाखल करावयाचे झाल्यास त्यासाठी अटी व मुदती घालून दिल्या आहेत. तसेच केंद्र शासनाने २०२२ साली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो.

घरातील आणि शाळेतील आपणा सर्वांनाही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. कोणाच्याही शरीरावरून "किती जाडी झालीस," "काडीपैलवान," अशी थट्टा करू नये, आणि "वा, छान बारीक झालीस!" अशी वाहवाही करू नये. पहिली टोचते, तर दुसरी आजाराला खतपाणी घालते. एखादी मैत्रीण डबा न उघडता परत नेते, सर्वांबरोबर जेवावयाचे टाळते, उन्हाळ्यातही थंडीने कुडकुडते, पूर्वीसारखी हसत-बोलत नाही, असे दिसले तर ते गुपित म्हणून जपून ठेवू नका. आपल्या आईजवळ किंवा विश्वासातील बाईंजवळ ते सांगा. ही चहाडी नव्हे. घरच्या मंडळींनी जेवणाच्या पानावर वाद घालू नये, शपथा घालू नयेत, की भुकेल्या गरिबांची उदाहरणे देऊन रुग्णाला लाजवू नये. लाज तर त्याच्या मनात आधीच शिगोशीग भरलेली असते. शांतपणे पान वाढावे, सोबत बसावे, ठरलेले अन्न पोटात जाईपर्यंत धीर द्यावा, आणि जेवणानंतर दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलावे.

सारांश, हा आजार आपल्याच रुग्णाला आपला पहारेकरी करून ठेवतो. उपासाने मन दुबळे होते, आणि ते दुबळे मन उपासाचेच रक्षण करते. म्हणून त्यावर जोरजबरदस्ती एकटी पुरी पडत नाही, आणि नुसती दयाही पुरी पडत नाही. अन्न, शास्त्र आणि माणसाचा सहवास ही तिन्ही दीर्घकाळ, न कंटाळता, एकत्र द्यावी लागतात. रुग्णाची स्वतःची आशा संपली असेल त्या काळात ती त्याच्यासाठी इतरांनी जपून ठेवावयाची असते. वीस वर्षांनंतरही माणसे या आजारातून उठून पंगतीला येऊन बसली आहेत. त्यांचे पान मांडून ठेवणे हे आपले काम आहे.